पद्माच्या झडपेचा चातुर्मास

नंदिनी, अर्जुन,

दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहून द्या, असे इथल्या मंडळींनी सांगितले, तेव्हा मी एक अट घातली. लिहीन, पण माझ्या नातवंडांना उद्देशून लिहीन. तुम्हा दोघांना देवनागरी वाचता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तुमची आई वाचून दाखवील. तुम्हाला समजते सगळे, उत्तर मात्र इंग्रजीत येते. येऊ द्या. पिढ्यान्पिढ्या तमिळ मुलखात राहिल्यामुळे आपण घरी बोलतो ती मराठी जुनी आहे आणि तमिळच्या चालीवर चालते. इथे मी जरा पुस्तकी वळणाने लिहिते आहे, एवढे सांभाळून घ्या.

नंदिनीने यंदा नर्सिंगला नाव घातले आणि फोनवर विचारले, "आजी, तू नक्की काय करायचीस गं?" मी "पेशंट बघायचे" म्हणून विषय मिटवला. ते उत्तर फार तोकडे होते. खरे उत्तर सांगायचे तर एका बाईची गोष्ट सांगावी लागते, आणि ती सांगताना माझी चूकही सांगावी लागते.

मी चौतीस वर्षे सिस्टर होते. त्यातली शेवटची सोळा वर्षे दर मंगळवारी आमच्या रुग्णालयात झडपांचा दवाखाना चालायचा आणि तो माझ्या ताब्यात होता. हृदयात चार झडपा असतात. रक्ताला पुढे जाऊ द्यायचे आणि मागे येऊ द्यायचे नाही, एवढेच त्यांचे काम. लहानपणी घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात, घरचे म्हणतात वाढीचे दुखणे आहे. तोच ताप काही मुलांच्या झडपांवर व्रण ठेवून जातो. तिशी-चाळिशीत ती झडप आखडते, जिना चढवत नाही, उशाला तीन उशा घेतल्याशिवाय झोप लागत नाही. मग छाती उघडून ती काढतात आणि धातूची बसवतात.

लोकांना वाटते, ऑपरेशन झाले की संपले. आमचे काम तेव्हा सुरू व्हायचे. छातीचे हाड तारेने शिवलेले असते, म्हणून दोन-तीन महिने पाण्याची घागर उचलायची नाही. खोकला आला तर उशी छातीशी घट्ट धरून खोकायचे. हे सगळे लोक ऐकतात, कारण दुखते. जे दुखत नाही ते ऐकत नाहीत. धातूला रक्त चिकटते, त्याची गुठळी होते, म्हणून रक्त पातळ ठेवणारी एक गोळी रोज संध्याकाळी ठरल्या वेळी जन्मभर घ्यायची असते. ती किती लागते हे माणसागणिक वेगळे, आणि त्याच माणसाचेही महिन्यागणिक वेगळे. त्यासाठी रक्त तपासून एक आकडा काढतात, त्याला आयएनआर म्हणतात. जिची गोष्ट सांगणार आहे त्या पद्माच्या झडपेला तो अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा. खाली गेला तर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव. आणि आपल्याला आत काही चुकते आहे, हे माणसाला कळत नाही.

तऱ्हेतऱ्हेचे लोक यायचे. एक निवृत्त बस कंडक्टर होते. त्यांनी आपला तिकिटाचा पंच जपून ठेवला होता. गोळी घेतली की भिंतीवरच्या कॅलेंडरच्या त्या तारखेला भोक पाडायचे. दर मंगळवारी कॅलेंडर गुंडाळून बगलेत मारून आणायचे आणि उजेडासमोर धरून म्हणायचे, "बघा सिस्टर, एक सीट रिकामी नाही." पापनासमकडच्या एक आजी अर्धी गोळी अडकित्त्याने कातरायच्या. अर्धी म्हणजे कधी पाव, कधी पाऊण. "सुपारी चाळीस वर्षं कातरते, ही एवढीशी गोळी मला शिकवतेस?" मी त्यांना गोळी कापायचे डबडे दिले, ते त्यांनी नातीला खेळायला दिले. गुडघा दुखला म्हणून दुकानातून गोळी घेणारे होते, रविवारी विसरलेली सोमवारी दोन करून घेणारे होते. विसरली तर विसरली, दुप्पट घ्यायची नाही, हे वाक्य मी तमिळ, मराठी आणि इंग्रजीत मिळून किती वेळा म्हटले असेन, देव जाणे.

मला माझ्या शिस्तीचा अभिमान होता. प्रत्येकाचे जाड कार्ड होते, त्यावर माझे ठरलेले प्रश्न छापलेले. गोळी रोज एकाच वेळी घेता? दुसरे कुठले औषध, काढा? रोज कीरै खाता? कीरै म्हणजे इथे सगळ्याच हिरव्या पालेभाज्या. त्यांत असा गुण असतो, की गोळीचा जोर कमी होतो. कीरै बंद करायची नसते, पण रोज साधारण सारखी खायची असते. रोज खाणाऱ्याला गोळी जास्त लागते, न खाणाऱ्याला कमी. हा प्रश्न मी पहिल्या भेटीत विचारायचे, कार्डावर खूण करायचे, आणि पुढे चालायचे.

पद्मा माझ्याकडे आली तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होती. राजवाड्याच्या मागल्या गल्लीत राहायची. आपल्यातलीच, आपल्यासारखेच शिस्तीचे माध्व घर. नवरा लवकर गेला, घरात ती आणि तिची सासू गोदाबाई. पद्मा सोवळ्यातला स्वयंपाक करून द्यायची. श्राद्ध असो, मुंज असो, आपल्या घरांत सोवळ्याने रांधणारे आता कितीसे उरलेत? तिला कार्तिकापासून माघापर्यंत श्वास घ्यायला फुरसत नसायची. त्या वर्षी मात्र कार्तिकात ती त्रिचीला ऑपरेशनच्या टेबलावर होती.

असे पेशंट मिळावेत म्हणून नवस करावा. संध्याकाळी दिवा लावला की गोळी. घड्याळासारखी, कधी चूक नाही. "कीरै रोज?" विचारले तर म्हणाली, "रोज होते सिस्टर, आईंना त्याशिवाय जेवण उतरत नाही." मी खूण केली. माघापासून ज्येष्ठापर्यंत तिचे आकडे असे आले, की डॉक्टरांनी एकदा विद्यार्थ्यांना तिचे कार्ड दाखवले. गोदाबाई अभिमानाने सांगायच्या, "घरात निवांत असलं की हिच्या छातीतलं टिकटिक मला दुसऱ्या खोलीत ऐकू येतं. घड्याळाला किल्ली द्यायला नको." धातूची झडप मिटताना खरेच असा आवाज येतो.

आषाढ संपत आला असताना एका मंगळवारी पद्मा ओठांवर पदर धरून आली. दात घासताना रक्त येत होते आणि थांबत नव्हते. दंडावर निळा डाग होता, कशाला आपटलेही नव्हते. आकडा आला ५.१.

मी कार्ड पुढे ओढले. "किती गोळ्या घेतल्यास?"

"तेवढ्याच, सिस्टर."

"विसरून दोनदा घेतलीस?"

"नाही हो."

"काढा? कुणी काही दिलं? डोकं दुखलं म्हणून काही घेतलंस?"

"काही नाही. तुम्ही सांगितलं तसंच चाललंय."

"पद्मा, रक्त खोटं बोलत नाही."

तिने माझ्याकडे बघितले. मान खाली घातली नाही, वादही घातला नाही. म्हणाली, "मग मी बोलते का?"

मी पेन उचलले. कार्डावर तांबड्या शाईने लिहिले, "गोळ्या सांगितल्याप्रमाणे घेत नाही." डॉक्टरांनी ते वाचले, एक दिवस गोळी बंद ठेवली आणि पुढची मात्रा कमी केली. आठवड्याने आकडा ३.६ आला, त्याच्या पुढच्या आठवड्यात २.९. मी म्हटले, "बघ, नीट घेतलीस की येतो बरोबर." तिने कार्ड घडी करून पिशवीत ठेवले. "आता महिन्याने ये," मी सांगितले. दर आठवड्याला सुई टोचणे कुणाला आवडते? मलाही वाटले, गाडी रुळावर आली.

तीन आठवड्यांनी, शुक्रवारी दुपारी दोनच्या सुमाराला, वॉर्डातला फोन वाजला. गोदाबाई कधी स्वतः फोन करत नसत. एरवी त्या पद्माला नंबर लावून द्यायला सांगायच्या.

"सिस्टर, ऐकू येत नाही."

मला वाटले लाइन खराब आहे. मी मोठ्याने बोलू लागले.

"तुमचं ऐकू येतंय हो. हिचं ऐकू येत नाही. सकाळपासून मी कान लावतेय. टिकटिक नाहीच."

"ती काय करतेय?"

"उशाला टेकून बसलीय. आडवी झाली की घुसमटते म्हणते. बोलताना धाप लागतेय."

"आताच्या आता ऑटो करा. कपडे बदलू नका, काही खायला देऊ नका. मी दारात उभी राहते."

"अय्यो, आज शुक्रवार, तेरूवर देवळाला जाणाऱ्यांची गर्दी..."

"गोदाबाई, निघा."

मी फोन ठेवून डॉक्टरांना गाठले. मग खरोखरच दारात जाऊन उभी राहिले. राजवाड्याहून आमच्याकडे यायला पंधरा मिनिटे पुरतात. त्या दिवशी पस्तीस लागली. प्रत्येक ऑटो वळली की मी पुढे व्हायचे. शेवटी एक आली तिच्यात पद्मा पुढच्या दांडीला धरून वाकून बसली होती, ओठ निळसर, कपाळावर घाम. मी तिच्या छातीला कान लावला. कडक 'टिक' ऐकू यायला हवे तिथे काही तरी ओले, दबलेले हलत होते.

आकडा आला १.४. इकोच्या पडद्यावर डॉक्टरांनी बोट ठेवले. झडपेच्या दोन पाकळ्यांपैकी एक जागची हलत नव्हती. तिच्यावर गुठळी बसली होती. दुसरी एकटी धडपडत होती.

दोन मार्ग होते. छाती पुन्हा उघडायची, त्यासाठी तिला त्रिचीला न्यावे लागले असते, आणि तासाभराचा रस्ता ती सोसेल याची खात्री नव्हती. दुसरा, गुठळी विरघळवणारे औषध सलाईनमधून हळूहळू चोवीस तास द्यायचे. त्यात धोका असा, की गुठळी विरघळताना तिचा तुकडा सुटून मेंदूत जाऊ शकतो. डॉक्टरांनी गोदाबाईंना दोन्ही समजावले. त्यांनी माझ्याकडे बघितले. "तुमची बहीण असती तर?"

"औषध," मी म्हटले.

औषध सुरू झाले. माझी पाळी संपली होती, मी गेले नाही. दर पंधरा मिनिटांनी मी पद्माला तेच तीन हुकूम द्यायचे. हस. दोन्ही हात वर कर. तुझं नाव सांग. ती हसायची, हात वर करायची, "पद्मा" म्हणायची. एकदा म्हणाली, "किती वेळा विचारता? विसरलात का?"

दिवेलागणीला मी गोदाबाईंशेजारी बाकावर बसले. बोलायचे म्हणून विचारले, "परवा-तेरवापर्यंत बरी होती ना? जेवत होती?"

"जेवत होती म्हणजे? शाकव्रत सुटल्यापासून तर चांगली जेवत होती! महिनाभर पोरीनं हिरवं पान तोंडात घातलं नव्हतं. द्वादशीला मी अगत्ती कीरै केली, भरून वाढली. मग दोन्ही वेळा कीरै. म्हटलं, ऑपरेशनचं अंग आहे, भरून निघू दे."

अर्जुन, तुला शाकव्रत माहीत नसेल. चातुर्मासाच्या पहिल्या महिन्यात आपल्यातली शिस्तीची घरे भाजी, पाला, फळ, चिंच, मिरची काहीच खात नाहीत. मुगाची डाळ, भात, दही, मिरी-जिऱ्याचा रस्सम यांवर महिना काढतात. व्रत संपले की द्वादशीला अगत्तीच्या, म्हणजे हादग्याच्या, पाल्याने सुरुवात होते.

आता मांडून बघा. आषाढात पद्माची कीरै एकदम बंद झाली. गोळी तीच, पण तिला अडवणारे काही उरले नाही, म्हणून आकडा ५.१. आम्ही गोळी कमी केली. न खाणाऱ्या पद्माला ती बरोबर बसली, म्हणून २.९. मग व्रत सुटले, कीरै दुपटीने आली, आणि गोळी कमी केलेलीच राहिली.

पोरीने एकही गोळी चुकवली नव्हती. मी विचारले त्या प्रत्येक प्रश्नाला तिने खरे उत्तर दिले होते. व्रताबद्दल ती बोलली नाही, कारण मी विचारले नाही. आणि तिने का सांगावे? आपल्या घरात आषाढ म्हणजे शाकव्रत, हे सिस्टरना ठाऊक आहे, असेच तिने धरले असणार.

ते मला ठाऊक होतेच. मुलांनो, हे लिहायला मला तीन दिवस लागले. ज्या मंगळवारी मी तिला "रक्त खोटं बोलत नाही" म्हटले, त्या दुपारी माझ्या डब्यात मिरी-रस्सम आणि दहीभात होता. मीही शाकव्रतात होते. लग्न झाल्यापासून एक वर्ष चुकवले नव्हते. घरचे व्रत घरी आणि दवाखान्याचे कार्ड दवाखान्यात, असे दोन कप्पे माझ्या डोक्यात होते, आणि त्यांच्यामध्ये दार आहे हे मला कधी सुचलेच नाही. शेतावरच्या, कोळ्यांच्या, मशिदीजवळच्या पेशंटांना मी "तुमच्यात काय काय खातात?" असे खोदून विचारायचे. आपल्या माणसाला विचारले नाही.

पहाटे पद्मा हसली तेव्हा ओठाचा उजवा कोपरा वर गेला नाही.

"नाव सांग."

तिने तोंड उघडले. काही आले नाही. तिच्या डोळ्यांवरून मला कळले, की नाव तिला आठवते आहे, फक्त सापडत नाही. डॉक्टर धावत आले, औषध थांबवले, मेंदूचे चित्र काढले. रक्तस्राव नव्हता. लहानसा तुकडा सुटला होता. आता वाट बघण्याशिवाय काही नव्हते. तीन तास ती छताकडे बघत होती आणि मी तिचा उजवा हात धरून होते. तो माझा हात धरत नव्हता.

साडेआठ वाजता ती म्हणाली, "प... द्मा."

गोदाबाई बाहेर जाऊन रडल्या. इको केला, पाकळी हलत होती. दोन्ही हलत होत्या. दुपारी मी छातीला कान लावला. आवाज कडक होता.

ती जगली. बोलणे महिन्याभरात परत आले, थोडे सावकाश. उजव्या हाताची पकड मात्र पूर्ण आली नाही. चमचा धरता येतो. पंचवीस माणसांच्या भाताची उरुळी, ते जड पसरट पातेले, उतरवता येत नाही. सोवळ्यातल्या स्वयंपाकाची कामे गेली, आणि ती तिच्या हातामुळे गेली असे लोक म्हणत असले, तरी माझ्या मनात ती कुणामुळे गेली ते स्पष्ट होते.

घरी जायच्या दिवशी मी दोघींना बसवले आणि कार्ड उघडले. तांबडी ओळ वाचून दाखवली. मग त्यांच्यासमोर ती खोडली, शेजारी लिहिले, "ही नोंद चुकीची आहे. चौकशी अपुरी होती," आणि सही केली. चौतीस वर्षांत मी कार्डावर दुसरी खाडाखोड केलेली नाही.

"शाकव्रताचं मी विचारायला हवं होतं," मी म्हटले. "तू खरं बोलत होतीस."

गोदाबाईंनी पिशवी आवरायला घेतली. द्वादशीची कीरै त्यांनीच तर वाढली होती. पद्माने कार्ड आपल्याकडे ओढले. मग सावकाश म्हणाली, "त्या दिवशी घरी जाऊन मी... गोळ्या तीनदा मोजल्या. मलाच... वाटलं, मी खोटी असेन."

माफ केले, असे ती म्हणाली नाही. मी मागितलीही नाही. तिने विचारले, "पुढच्या आषाढात काय करू, ते सांगा."

मी सांगितले, रोज एक वाटी शिजलेली कीरै, बाराही महिने, द्वादशीलाही तेवढीच. व्रत नाही. गोदाबाई एकदम म्हणाल्या, "तिच्या वाटणीचं मी करीन. दोघींचं एकटीनं."

त्या आठवड्यात कार्डावर नवा प्रश्न छापून घेतला. वर्षभरात कोणती व्रते, उपास, पथ्ये पाळता? उत्तरे ऐकून मीच थक्क झाले. रमझानला गोळीची वेळ पहाटेवर नेणारे भेटले. आडी या तमिळ महिन्यात देवीच्या कूळबरोबर, म्हणजे आंबिलाबरोबर, आठवडाभर मुरुंगैचा, शेवग्याचा, पालाच खाणारे भेटले. कंडक्टरसाहेब शबरीमलैच्या यात्रेआधी मंडलाचे एकेचाळीस दिवस एकवेळ जेवत. "सिस्टर, इतकी वर्षं विचारलं नाहीत, मला वाटलं त्याचं तिकीट लागत नाही."

पुढचा आषाढ आला. माझ्या निवृत्तीला दोन महिने राहिले होते. पद्माचा पहिला मंगळवार ३.४, दुसरा ४.२. मी काही आरोप केला नाही. "कीरै?" विचारले. "खाते," ती म्हणाली आणि या वेळी मान खाली घातली.

गुरुवारी सकाळी अकराला मी तिच्या घरी गेले, जेवणाच्या वेळेला, न कळवता. गोदाबाई वाढत होत्या. शेजारच्या दोघी बायका ओसरीवर बसल्या होत्या, त्यांतली एक वयस्क, पद्मा पूर्वी जिच्या घरची श्राद्धे रांधायची ती. पद्माच्या केळीच्या पानावर कीरैचा हिरवा ढीग तसाच होता. भात अर्धा संपला होता.

"या सिस्टर," वयस्क बाई म्हणाल्या. "आम्ही म्हणतच होतो, तुमच्या डॉक्टरांनी देवालाही रजा दिली वाटतं."

दुसरी हसली. "चातुर्मासात कीरै खाणारी स्वयंपाकीण. असली बाई उद्या सोवळ्यात उभी कशी करायची?"

"तिला ऑर्डर आहे हो," गोदाबाई म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता. पद्माने डाव्या हाताने पान किंचित दुमडले. त्या घडीखाली ढीग झाकला जात होता. मला सगळे कळले. रोज हेच होत होते. बायका येत, ती झाकत होती, आकडा चढत होता. आणखी दोन मंगळवार, आणि हिरड्यांतून रक्त. मग कदाचित डोक्यात.

बोलून काय होणार होते? मी आयएनआर समजावला असता, तर त्यांनी मान डोलावली असती आणि उद्या पुन्हा आल्या असत्या. माझे त्या वर्षीचे शाकव्रत चालू होते, तेही त्यांना ठाऊक होते. पहिल्याच दिवशी देवळात आम्ही एकत्र संकल्प केला होता.

मी पाय धुतले आणि पद्माच्या शेजारी बसले. "गोदाबाई, मला पान मांडा."

"तुमच्यासाठी रस्सम वेगळं..."

"रस्सम नको. हिला वाढलंत तेच वाढा. तेवढंच."

गोदाबाईंचा हात थांबला. मग त्यांनी वाढले. एक वाटी, भरून. मी भातात कालवले आणि पहिला घास तोंडात घातला. एकतीस आषाढ मी तो घास घेतला नव्हता. माझ्या सासूबाईंचा चेहरा डोळ्यांसमोर आला, हे मी लपवत नाही. घास गिळला. दुसरा घेतला. वयस्क बाई उठल्या, पदर सावरला, "येते गोदे" म्हणाल्या, आणि दोघी पायऱ्या उतरून गेल्या.

पद्मा माझ्याकडे बघत होती. मग तिने पानाची घडी उलगडली, न वळणाऱ्या बोटांनी कीरै ओढून घेतली, कालवली, खाल्ली. चावता चावता थांबली. तिचे कपाळ आठ्यांनी भरले. दुखतेय? घुसमटतेय?

"आई," ती म्हणाली, "मीठ कमी पडलंय."

"डोळे मिटून खा," गोदाबाई म्हणाल्या. "फार बोलशील तर सिस्टर आता मिठाचंही कार्ड काढतील."